शब्दचर्चा : 'डीफंड द पोलिस' या घोषणेला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेतील २०२० सालच्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनावरील एका दीर्घ लेखाचे मी भाषांतर करीत आहे. २५ मे रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलीस अधिकाऱ्याने मानेवर गुडघा रोवून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर 'डीफंड द पोलिस' ही घोषणा देशभर दुमदुमली. पहिल्या खर्ड्यात मी 'पोलीस दल बरखास्त करा' असे लिहिले होते. संपादिकाबाईंनी ते खोडून 'पोलिसांच्या निधीत कपात करा' असे केले. मला दोन्ही खटकतात. त्याच लेखात 'ब्लॅक कम्युनिटी' हा शब्दप्रयोग वारंवार येतो, तेथे मी 'कृष्णवर्णीय समाज' योजला आहे; तो योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

महापालिकेच्या लेखा विभागात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे मी याकडे अंदाजपत्रकाच्या बाजूने पाहतो. 'कपात' आणि 'बरखास्ती' यांच्या मधोमध बसणारा एक शब्दप्रयोग आपल्या कार्यालयांत रोजच्या वापरातला आहे, तो म्हणजे निधी 'वर्ग करणे'. कपातीत पैसा वाचवला जातो; वर्ग करताना तो खर्चच होतो, परंतु दुसऱ्या लेखाशीर्षाखाली. घोषणा देणाऱ्यांपैकी अनेकांना हेच अभिप्रेत होते, म्हणजे मानसिक तोल ढळलेल्या माणसाच्या घरून मदतीसाठी फोन आला तर तेथे बंदूकधारी शिपायाऐवजी प्रशिक्षित समुपदेशक पोहोचावा आणि त्याचा पगार पोलिसांच्या तरतुदीतून निघावा. डिसेंबर २०२० मध्ये मिनियापोलिसच्या नगर परिषदेने पोलिसांच्या सुमारे १८ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकातून जवळपास ८० लाख डॉलर हिंसाप्रतिबंध आणि मानसिक आरोग्य पथके यांसारख्या कामांकडे वळवले, ते वर्ग करणेच होय. शासकीय परिभाषेत याला 'पुनर्विनियोजन' म्हणतात, पण तो शब्द लिहायचा तर मोर्च्यात एका फलकाऐवजी दोन न्यावे लागतील.

प्रतिसाद

वरील मत मला पटते, परंतु अर्धेच. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात मी राहते, आणि येथे या शब्दाचा अर्थ कधीही एक नव्हता. ७ जून २०२० रोजी मिनियापोलिसच्या पाउडरहॉर्न पार्कमध्ये १३ पैकी ९ नगरसेवक ज्या मंचावर उभे राहिले त्याच्या दर्शनी भागावर 'डीफंड पोलिस' ही अक्षरे ठळक मांडलेली होती, आणि मंचावरून जी प्रतिज्ञा वाचली गेली ती मात्र शहराचे पोलीस खाते संपवण्याची प्रक्रिया सुरू करण्याची होती. म्हणजे खाली लिहिलेला शब्द एक आणि वर उच्चारलेला दुसरा. 'वर्ग करा' म्हटले तर प्रतिज्ञा सुटते. 'बरखास्त करा' म्हटले तर ज्यांना केवळ पैसा वळवायचा होता त्यांच्या तोंडी आपण भलतेच शब्द घालतो.

'बरखास्त' हा शब्द मी न्यू जर्सीतील कॅम्डेनसाठी राखून ठेवीन. तेथे २०१३ साली शहराचे पोलीस खाते खरोखरच मोडले आणि त्याच्या जागी काउंटीचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, नवे दल उभे केले; गंमत म्हणजे त्यानंतर तेथील शिपायांची संख्या वाढली.

मिनियापोलिसमध्ये हा शब्दांचा घोळ शेवटी न्यायालयात गेला. पोलीस खात्याऐवजी 'सार्वजनिक सुरक्षा विभाग' असावा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर यायचा होता, आणि नव्या विभागात आवश्यक असल्यास पोलीस 'असू शकतील' अशी त्यात शब्दयोजना होती. जिल्हा न्यायालयाने ती फेटाळली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मतदानाची वाट मोकळी केली. नोव्हेंबरमध्ये सुमारे ५६ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. 'असू शकतील' म्हणजे असतील की नसतील, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या भीतीप्रमाणे किंवा आशेप्रमाणे दिले, असे माझे मत आहे.

'समाज' या शब्दाबद्दल मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. मराठीत 'अमुक समाज' म्हटले की एक जात, एक संघटना, एक निवेदन असे चित्र उभे राहते, आणि येथील प्रतिक्रिया तशी एकसुरी नव्हती. उत्तर मिनियापोलिस हा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती असलेला भाग आहे. तेथील काही रहिवाशांनी २०२० मध्ये शहरावर खटला भरला तो शिपाई कमी पडतात म्हणून, कारण नगराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यात, दर हजार रहिवाशांमागे १.७ इतके किमान पोलीसबळ ठरवून दिले होते. त्याच उन्हाळ्यातील गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांनी आपल्या भागातील पोलिसांचा वावर आहे तितकाच राहावा किंवा वाढावा, असे सांगितले. हेच लोक पोलिसांच्या वागणुकीवर संतप्तही होते. म्हणून जेथे वस्तीविषयी मजकूर आहे तेथे 'कृष्णवर्णीय रहिवासी', आणि जेथे संघटनांविषयी आहे तेथे 'कृष्णवर्णीयांच्या संघटना' असे वेगळे लिहावे.

प्रतिसाद

घोषणेला घोषणेचाच शब्द हवा. 'पोलिसांची रसद तोडा' कसे वाटते? रसद तोडणारा गड ओस पाडायला निघाला आहे की किल्लेदाराला वाटाघाटीस बसवायला, हे त्या शब्दावरून कळत नाही, आणि इंग्रजी घोषणेतही ते कळत नव्हते.

प्रतिसाद

प्रश्नकर्त्यांच्या लेखात 'पोलिस रिफॉर्म' आले असेलच, म्हणून पुरवणी जोडतो. 'पोलीस सुधारणा' म्हटले की आपल्या वाचकाच्या मनात प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल येतो, म्हणजे बदल्या, कार्यकाळ आणि राजकीय हस्तक्षेप. मिनेसोटाने जुलै २०२० मध्ये केलेल्या कायद्यात मुख्यतः गळा आवळण्याच्या पकडींवर निर्बंध आणि सहकाऱ्याचा अतिरेक रोखण्याचे कर्तव्य हे विषय होते. शब्द तोच ठेवावा, मात्र पहिल्या उल्लेखात या तरतुदी सांगाव्यात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. घोषणेसाठी 'पोलिसांची रसद तोडा', नगर परिषदेच्या ठरावासाठी 'निधी वर्ग करणे' आणि कॅम्डेनसाठी 'बरखास्ती' असे तीन शब्द आता मी ठेवले आहेत. 'समाज' सतरा ठिकाणी होता. चौदा ठिकाणी बदलला. उरलेल्या तीन ठिकाणी मूळ लेखकानेच सर्वांना एका मुठीत धरले आहे, त्यामुळे तेथे तो तसाच राहू दिला आहे.