आरव्हीच्या टॉयलेटचं सील गळतंय, मदत हवी आहे

अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) वापरणाऱ्यांपैकी कुणी हे काम स्वतः केलंय का? जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे, पायाच्या पेडलवर चालणारं प्लास्टिकचं टॉयलेट. भांड्यात पाणी टिकत नाही, रात्रभरात खाली ब्लॅक टँकमध्ये (मैल्याच्या टाकीत) झिरपतं आणि सकाळी वास. फिनिक्सच्या उन्हात तो किती, विचारू नका.

झडपेभोवतीचं रबर टूथब्रशने घासलं. खाचेत कागदाचा लगदा आणि पांढरा क्षार चिकटला होता. मग सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलीन मुद्दाम टाळलं, त्याने रबर खराब होतं). थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच.

आता फ्लश केलं की बुडाशी फरशीवरही ओल येते. पाण्याचा पाइप आणि मागचा व्हॉल्व्ह टिश्यू लावून तपासले, कोरडे आहेत. म्हणजे फ्लँजचं (टॉयलेट जिथे फरशीला बसतं त्या कड्याचं) सीलही गेलेलं दिसतंय. नट थोडे आवळले, फरक नाही. जास्त आवळले तर प्लास्टिक तडकेल. टँक रिकामा करून धुतलाय. दुरुस्तीवाल्याकडे इतक्यात नंबर लागत नाही.

टॉयलेट उचलून दोन्ही सील बदलणारच आहे. घरच्या टॉयलेटची मेणाची रिंग स्वस्त मिळते, पण गाडीच्या हादऱ्यांत आणि या उन्हात ती टिकते, की रबराचंच सील घ्यावं? आणि फ्लँजला तडा निघाला तर वरून रिपेअर रिंग बसवून भागतं, की अख्खा फ्लँज बदलावा लागतो?