उशिरा आवडलेली कादंबरी आणि लहानपणची मैत्रीण

तापीकाठ: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले, निंबाला बांधलेला झोका दिसला आणि गल्लीतली ती आठवली. मग एलेना फेरांटेची 'माय ब्रिलियंट फ्रेंड' पुन्हा काढली. पहिल्यांदा अजिबात जमली नव्हती. नेपल्सची गरीब वस्ती, सुरुवातीलाच घराघरांतल्या माणसांची यादी, कोण कोणाचं तेच कळेना. पण मोच्याची पोर लीला, वर्गात सगळ्यांत हुशार, तिला घरचे प्राथमिकनंतर शिकवत नाहीत आणि तिची मैत्रीण, गोष्ट सांगणारी एलेना पुढे शिकते, तिथून पुस्तक सुटेना. आमची ती गणितात माझ्या कितीतरी पुढे. सातवीनंतर कापूस वेचायला गेली. मी सुट्टीत आले की माझी पुस्तकं उघडून पेनाच्या खुणांवरून बोट फिरवायची. तिच्यावर माया होती आणि तिची धास्तीही. तुमचं सांगा.

कळण्याचीभाकरी: बाहुल्या!! तळघरात टाकतात तिथेच मी मिटलं होतं, इतका राग आला लीलाचा. बहिणीने परत हातात दिलं, आता मालिकेच्या चौथ्या भागात आहे. कुकर झाला, येते.

भुसावळवाला: मित्राचं चालेल ना? रेल्वे क्वार्टरमधली दोस्ती बदलीच्या ऑर्डरपर्यंत. आमचं भांडण मिटायच्या आत त्याच्या बाबांची इटारसीला बदली झाली. अजून मनात आहे.

तापीकाठ: चालेल काय, लिहाच दादा. शोधा त्याला.

धुळेकरीण: मला पकडलं ते बोलीने. घरात, भांडणात नेपल्सची बोली, शाळेत इटालियन. आमच्याकडे तेच. घरी अहिराणी, बाईंसमोर पुस्तकी मराठी. मी शिकायला पुण्याला गेले आणि मैत्रिणीशीही तसंच बोलायला लागले. ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "माले परकं वाटस." पुढे किती दिवस फोन नाही.

केळीबाग: सांजोऱ्या झाल्या का सगळ्यांच्या? आमच्याकडे ऊन इतकं की कुरडया दुपारपर्यंत कडक.

कळण्याचीभाकरी: झाल्या. @धुळेकरीण वाचून घशात आलं गं. आता बोलता का?

अमळनेर: इंग्रजी जड आहे का? माझी गाडी हळू चालते.

तापीकाठ: नाही. मूळ इटालियन २०११ चं, इंग्रजी अ‍ॅन गोल्डस्टीन यांचं. वाक्यं लांब आहेत पण शब्द साधे. पहिली पन्नासेक पानं धीर धरा, नावं विसरली तर यादी बघा.

धुळेकरीण: @कळण्याचीभाकरी बोलतो, अहिराणीतच. तिच्या पोरीचं बारावीचं बघतेय मी. सायन्सला आहे, गणित आईसारखंच.