मदत हवी आहे : डच ‘इंटरनॅशनल’चं जुनं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात कामगारगीतांवर बोलायचंय, आणि मी ‘इंटरनॅशनल’ हे समाजवादी चळवळीचं गाणं, त्यातही त्याचं डच रूप निवडलंय. मूळ शब्द फ्रेंच, पॅरिस कम्यून म्हणजे तिथल्या कामगारांचं अल्पकाळ टिकलेलं सरकार पडल्यावर 1871 मध्ये ओझेन पोतिएने लिहिलेले. चाल 1888 ची, लील शहरातल्या पिएर द गेटरची. हा गडी जन्माने बेल्जियममधल्या गेंटचा. (चालीवरून सख्ख्या भावांत कोर्टकचेरी झाली. 1914 मध्ये निकाल धाकट्या अडॉल्फच्या बाजूने, 1922 मध्ये पिएरच्या. मधल्या काळात अडॉल्फने आत्महत्या केली, तीही चाल पिएरचीच असल्याची कबुली लिहून ठेवून!) डच शब्द कवयित्री हेन्रिएट रोलांड होल्स्ट यांचे, साधारण 1900 च्या सुमाराचे. घरची सुखवस्तू बाई, पण 1897 मध्येच समाजवादी पक्षात गेलेली. मला तर भावांच्या भांडणापेक्षा हीच गोष्ट जास्त ओढते.

आता अडचण. नेटवर सापडतात ती बहुतेक अलीकडची गायनं. मला 1940 च्या आधीचं, शक्यतो कामगारांच्या गायनवृंदाचं ध्वनिमुद्रण हवंय. ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेच्या संग्रहात कुणी शोधाशोध केली आहे का? बाहेरच्या माणसाला प्रत मिळते का, पैसे पडतात का?

आणखी एक. 1 मेला बेल्जियममध्ये सुट्टी असते, नेदरलँड्समध्ये सरसकट नसते. तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी हे गाणं मिरवणुकीत ऐकलंय का? सगळी कडवी म्हणतात की पहिलंच? मोबाइलवर टिपलेलं असेल तरी चालेल.