भडक चित्रं नको वाटतात, ही आवड माझी की घरून आलेली?

धुकं_आवडतं:
नवीन घरात हॉलच्या भिंतीवर एक मोठं चित्र लावायचंय आणि महिना झाला, नवऱ्याचं आणि माझं एकमत होत नाहीये. त्याला आवडतात त्या चित्रांत केशरी, गर्द निळा, पोपटी सगळं एकदम अंगावर येतं, मला हवी असतात ती राखाडी, मातकट, धुक्यातली. परवा एक लालेलाल चित्र बघताना माझ्या तोंडून "ई, किती भडक" निघालं आणि त्याच क्षणी जाणवलं की हा तर आईचा आवाज, शब्दही तिचा आणि नाक मुरडणंही तिचंच. आमच्या घरी भिंती पांढऱ्या, पडदे बिस्किटी, आणि मी सूर्य जांभळा रंगवला की "जरा सौम्य रंग घे ना बाळा" म्हणायचे, रागावलं कधीच कुणी नाही. सासूबाईंकडे मात्र खुर्च्यासुद्धा प्रत्येक वेगळ्या रंगाची. मला ते चित्र खरंच आवडत नाहीये, की न आवडण्याची सवय लागलीये? आणि आता चाळिशीत हे बदलतं का?

ओला_ब्रश:
वीस वर्षं लहान मुलांना चित्रकला शिकवतेय म्हणून लिहिते. चार-पाच वर्षांचं मूल रंग जसाच्या तसा थापतं, आठ-नऊ वर्षांचं झालं की ब्रश टेकवायच्या आधी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघतं. त्या बघण्यात त्याचं घर दिसतं मला. "भडक" या शब्दात रंगापेक्षा "हे आपल्यासारख्यांचं नाही" हेच जास्त असतं, आणि हे फार जुनं आहे, जर्मन कवी गटेने 1810 मध्ये रंगांवरच्या ग्रंथात लिहिलं होतं की मुलांना आणि अशिक्षितांना झगझगीत रंग आवडतात, सुसंस्कृत माणसं कपड्यांत आणि आसपासच्या वस्तूंत ते टाळतात. आणि ज्या पांढऱ्याशुभ्र ग्रीक पुतळ्यांना शतकानुशतकं उच्च अभिरुचीचा नमुना मानलं ते मुळात रंगवलेले होते, रंग उडून गेले आणि लोक उरलेल्या दगडाच्या प्रेमात पडले! तुमच्या आईंनी हे शोधून काढलेलं नाही, त्यांनाही ते कुणीतरी असंच प्रेमाने दिलं असणार.

रोज_एक_चित्र:
बदलतं का, यावर थोडं सांगतो, मानसशास्त्र शिकलोय. 1968 मध्ये रॉबर्ट झायोन्क यांनी मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. पुढे कॉर्नेल विद्यापीठात जेम्स कटिंग यांनी आपल्या वर्गात शिकवता शिकवता इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या उजेड टिपणाऱ्या फ्रेंच चित्रकारांची, पुस्तकांत कमी छापली गेलेली चित्रं काही सेकंद दाखवायला सुरुवात केली, काही न सांगता. एरवी विद्यार्थी जास्त छापली गेलेली चित्रं पसंत करतात, पण या वर्गात तो कल राहिलाच नाही. म्हणजे घरात, कॅलेंडरवर, पुस्तकांत जे दिसत राहिलं त्याचा हात आवडीत मोठा आहे. पण सगळा खेळ सवयीचाच असं मी म्हणणार नाही, कारण 2013 च्या एका ब्रिटिश प्रयोगात थॉमस किंकेड या अमेरिकन चित्रकाराची ती उजेडाने भरलेली गोड घरांची चित्रं जितकी जास्त दाखवली तितकी लोकांना कमी आवडायला लागली. वारंवार बघितल्यावर चित्रात जे असतं तेही कळत जातं, चांगलं आणि वाईट दोन्ही. तेव्हा दुकानात उभं राहून ठरवू नका, छोटी प्रिंट आणा आणि रोज येता-जाता दिसेल अशी लावा.

पिवळी_खोली:
ओला_ब्रश, तुमचं पटलं पण अर्धंच. मी रंगीबेरंगी घरात वाढले आणि मला फिकटच चित्रं आवडतात, कारण त्या घरात रंगांसोबत आरडाओरडाही भरपूर होता. मला ती सगळी चित्रं गोंगाट करताना दिसतात, आजही. फक्त पिवळा चालतो, मावशीच्या पिवळ्या खोलीत मला तासन्‌तास वाचत बसू द्यायचे. पामर आणि श्लॉस या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हेच दाखवलंय, ज्या रंगाच्या वस्तूंशी आपलं बरं नातं असतं तो रंग आवडतो. तेव्हा ताई, तुम्हाला राखाडी आवडत असेल तर ते खोटं समजू नका, त्या शांत घरात तुम्हाला सुरक्षित वाटत असेल तर ते प्रेमही तुमचंच आहे. आणि घराला सगळं श्रेयही देऊ नका. फ्रेंच चित्रकार मातिस विणकरांच्या गावात रेशमी कापडं बघत वाढला म्हणून त्याचे रंग तसे झगझगीत, असं सांगतात, मलाही ते पटतं, पण त्या गावातली बाकीची मुलंही तीच कापडं बघत होती ना? चाळिशीचं म्हणाल तर व्हॅन गॉगचं 1885 चं बटाटे खाणाऱ्यांचं चित्र बघा, सगळं मातीच्या रंगाचं. पुढच्या वर्षी तो पॅरिसला गेला, वय 32, आणि तिथे त्याचे रंग उजळत गेले.

धुकं_आवडतं:
सगळ्यांचे मनापासून आभार, "प्रेमाने दिलं असणार" वाचून डोळे भरून आले. प्रिंट आणून फ्रीजशेजारी लावली त्याला आज अकरा दिवस झाले. लाल अजूनही खुपतो. पण खाली डाव्या कोपऱ्यात निळ्याचा एक लहानसा फटकारा आहे, तो आधी दिसलाच नव्हता मला, आता पाणी प्यायला गेले की आधी तिकडेच बघते. हॉलची भिंत अजून रिकामीच आहे, आणि नवरा म्हणतो राहू दे, घाई नाही.