मदत हवी आहे: ओरेमच्या सेल्फ-केअर थिअरीचं मूल्यमापन

प्राजक्ता_एन
सोमवारी सेमिनार आहे. नर्सिंगमधल्या डोरोथिया ओरेमची थिअरी (माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो, जिथे कमी पडतो तिथे नर्स लागते) इव्हॅल्युएट करायची आहे. जिकडे बघावं तिकडे तिचं चरित्र आणि तीच ती आकृती. थिअरी चांगली की कच्ची हे ठरवायचं कशावरून? प्लीज लवकर सांगा.

मंदा_सिस्टर
बी.एस्सी. की एम.एस्सी.? थिअरी तपासायचे निकष कोणत्या लेखिकांचे, फॉसेटचे की चिन आणि क्रेमरचे? पेशंट घ्यायचाय की नुसती थिअरी?

वॉर्ड_नं_७
एवढं काय त्यात! एक पेशंट घे, युनिव्हर्सल (सगळ्यांना असणाऱ्या), डेव्हलपमेंटल (वयाच्या टप्प्यानुसारच्या) आणि हेल्थ डेव्हिएशन (आजारामुळे आलेल्या) अशा तिन्ही गरजा लिही, केअर प्लॅन जोड. मला चांगले मार्क पडले होते.

मंदा_सिस्टर
अरे, ते ॲप्लिकेशन झालं. ती थिअरी तपासायची कशी हे विचारतेय.

प्राजक्ता_एन
एम.एस्सी. फर्स्ट इयर. निकष फॉसेटचेच हो. पेशंट मेडिसिन वॉर्डमधले, इन्सुलिनवरचे.

मंदा_सिस्टर
हे आधी सांगायचं ना बाळा. महत्त्व, अंतर्गत सुसंगती, आटोपशीरपणा, तपासता येणं, पुराव्याचा आधार आणि प्रत्यक्ष उपयोग, असे सहा निकष. पहिल्यावर वेळ घालवू नकोस. १९७१ च्या पुस्तकापासून ही थिअरी जगभर शिकवतात, एवढं पुरे.

आटोपशीरपणात ओरेम मार खाते. सेल्फ-केअर, डेफिसिट आणि नर्सिंग सिस्टिम्स (नर्सने किती करायचं) अशा तीन थिअरी एकात एक, वर एजन्सी (काळजी घेण्याची कुवत), डिमांड (एकूण लागणारी काळजी), रिक्विझिट (गरजा) या शब्दांचा गुंता. हे स्पष्ट लिही, घाबरू नकोस.

उपयोगात मात्र ती भक्कम आहे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आजोबांच्या हातात सिरिंज दे आणि बघ. बाटली यू-४० ची (एका मिलीत ४० युनिट) आणि सिरिंज यू-१०० ची (एका मिलीत १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी) आणली असेल, तर खुणेपर्यंत बरोबर भरूनही डोस निम्म्याहून कमी जातो. रेघा दिसत नसतील तर चष्मा हवा. दिसतात पण समजत नसतील तर शिकवायला हवं. हातच थरथरत असेल तर भरून द्यायला माणूस हवा. गरज आणि कुवत यांतली ही तफावत म्हणजेच डेफिसिट. आपण सगळं करायचं, अर्धं करायचं की फक्त शिकवायचं, हे त्यावरून ठरतं.

शहाजी_इस्लामपूर
पण आपल्याकडे स्वतःचं स्वतः करतंय कोण? माझ्या आईला इन्सुलिन सून देते. ही थिअरी अमेरिकेतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांची आहे.

मंदा_सिस्टर
ओरेमने डिपेंडंट-केअर मांडलंय, घरच्यांनी घेतलेली काळजी त्यात येते.

शहाजी_इस्लामपूर
येते, पण कडेला. आमच्याकडे तेच मुख्य आहे. सून माहेरी गेली की आईचा डोस चुकतो, आणि शिकवताना सिस्टरने फक्त आईलाच शिकवलेलं असतं.

मंदा_सिस्टर
हे पटलं. प्राजक्ता, हा मुद्दा घेच. दोष थिअरीचा किती आणि ती वापरणाऱ्या आपला किती, यावर परीक्षक विचारणारच.

गोदाकाठ
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, लोडशेडिंगमध्ये इन्सुलिन कुठे ठेवायचं?

वॉर्ड_नं_७
मातीच्या मडक्यात, गार जागी, बाटली पिशवीत बांधून. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलेलं वापरायचं नाही.

अभ्यासक
ओरेम कशाला? नर्सिंगमधलंच रॉयचं ॲडॅप्टेशन मॉडेल घ्या, सुटसुटीत आहे.

प्राजक्ता_एन
विषय मॅडमनी दिलाय, बदलता येत नाही. तपासता येणं यात काय लिहू?

मंदा_सिस्टर
एजन्सी डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती मोजायला केअर्नी आणि फ्लायशर यांनी १९७९ मध्ये स्केल केलं. म्हणजे थिअरी तपासता येते. पण स्केलवर पेशंट ‘मी काळजी घेतो’ असं स्वतःच सांगतो, आणि सांगणं व सिरिंज भरणं यांत फरक पडतो. तुझ्या पेशंटला आधी प्रश्न विचार, मग डोस भरायला लाव, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांड. गाईडची परवानगी मात्र आजच घे.