तेलाची बाटली, न हटणारा आजार आणि आपला विश्वास

नगरची सून यांचा प्रश्न:

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, आजेसासऱ्यांच्या काळापासून ख्रिस्ती. माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. सासूबाई गेल्या वर्षीपासून एका प्रार्थना गटात जातात. तेथील प्रमुख बंधूंनी प्रार्थना करून दिलेली तेलाची बाटली आमच्याकडे पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवलेली असते. रोज सकाळी ते तेल यजमानांच्या कमरेला चोळले जाते, बाटली संपत आली की दुसरी आणली जाते, आणि प्रत्येक वेळी ‘विश्वासाचे बी’ म्हणून पाकिटातून पैसे द्यावे लागतात. एखाद्या दिवशी तेल लावायचे राहिले तर सासूबाई दिवसभर धास्तावलेल्या असतात. कौटुंबिक प्रार्थना राहिली तर मात्र कोणाला काही वाटत नाही.

अलीकडे त्या बंधूंनी असे सांगितले की डायलिसिसला जाणे हेच अविश्वासाचे लक्षण आहे आणि आरोग्य मिळत नाही याचे कारण घरात दडलेले एखादे पाप असावे. यजमानांनी ते मनाला लावून घेतले आणि एक पाळी चुकवली. रात्री त्यांना श्वास घेता येईना, पाय सुजले आणि पहाटे रुग्णालयात दाखल करावे लागले. आता ते शांत आहेत, पण मला एकच विचारतात: “देव माझ्यावर रागावला आहे का?”

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आमची भक्ती देवावरून सरकून त्या बाटलीवर गेली आहे, असे मला वाटते. ते बरोबर आहे का? आणि आजार बरा होणारच नसेल, तर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

निवृत्त पाळक, जालना यांचे उत्तर:

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात स्पष्ट आहे. अरण्यात सापांनी दंश केलेले लोक वाचावेत म्हणून मोशेने देवाच्याच आज्ञेवरून पितळेचा साप करून खांबावर लावला (गणना २१). म्हणजे ती वस्तू देवाने दिलेली होती आणि तिच्याकडे पाहून लोक खरोखर वाचले होते. तरीही कित्येक शतकांनंतर इस्राएल लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). देवाच्या दानाला देवाची जागा दिली गेली की ते दानसुद्धा मोडून टाकावे लागते, इतकी ही बाब गंभीर आहे.

१ शमुवेल ४ हा अध्यायही घरात सर्वांनी मिळून वाचावा, असे मी सुचवीन. पलिष्ट्यांपुढे एकदा हार झाल्यावर इस्राएलाच्या वडील मंडळींनी शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटी, रणांगणात आणला, कारण कोश जवळ असला म्हणजे विजय आपलाच, अशी त्यांची समजूत होती. कोश छावणीत येताच असा जयघोष झाला की जमीन दणाणली. आणि त्याच लढाईत तीस हजार पायदळ पडले, एली याजकाचे दोन्ही मुलगे मारले गेले, कोश शत्रूच्या हाती गेला. त्यांच्यात उत्साहाची कमतरता नव्हती. पण देवाकडे वळण्याऐवजी त्यांनी देवाला आपल्या कामाला जुंपण्याचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नाला देवाने दाद दिली नाही. जे बंधू तेलाबरोबर पैशाचे पाकीट आणि आरोग्याची हमी देतात, ते लोकांना हाच मार्ग शिकवत आहेत, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता दडलेल्या पापाविषयी. हा आरोप आजारी माणसावर करणे मला अत्यंत क्रूर वाटते, आणि प्रभूने तो स्वतः नाकारलेला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही पर्याय फेटाळले (योहान ९). बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असेच त्याने सांगितले (लूक १३:४-५). ईयोब हा नीतिमान माणूस, तरी त्याच्यावर मोठी संकटे कोसळली. त्याचे तिघे मित्र पहिले सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, आणि त्या वेळेपर्यंत ते खरे मित्र होते. नंतर त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधायला सुरुवात केली. अखेरीस परमेश्वराचा राग भडकला तो त्या तिघांवर. ज्याने आक्रोश केला, वाद घातला, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, त्या ईयोबाचे बोलणे मात्र देवाने यथार्थ ठरवले. आपल्या यजमानांना हे अवश्य सांगावे. देवाला जाब विचारणे हे अविश्वासाचे लक्षण नाही.

मिरजेची परिचारिका यांचे उत्तर:

पाळकसाहेबांनी शास्त्राच्या बाजूने लिहिले आहे, मी रुग्णाच्या बाजूने लिहिते, कारण यात वेळ दवडून चालणार नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाने डायलिसिसची पाळी चुकवली की पाणी फुप्फुसांत साठते आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. श्वास कोंडतो तेव्हा निदान कळते तरी. पोटॅशियम वाढल्यामुळे हृदय काही पूर्वसूचना न देताही बंद पडू शकते. म्हणून तेल, प्रार्थना, उपवास यांविषयी घरात काहीही ठरो, पाळी चुकवायची नाही हे आधी ठरले पाहिजे. उपवासाविषयीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाचे ऐकू नये. उपवास सोडताना हौसेने दिलेली केळी आणि शहाळ्याचे पाणी अशा रुग्णाला घातक ठरू शकते.

विश्वास असेल तर औषध कशाला, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते की प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास का सांगितले (१ तीमथ्य ५:२३)? ज्याच्या अंगावरची वस्त्रे नेऊन लावल्यावर लोक बरे होत, त्याच पौलाला आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवावे लागले (२ तीमथ्य ४:२०). तेथे कोणी त्रफिमाच्या विश्वासाचे मोजमाप केलेले नाही.

वसईकर यांचे उत्तर:

मी कॅथलिक आहे, त्यामुळे एका मुद्द्यावर थोडे वेगळे मत मांडतो. तेल, मेणबत्ती, प्रतिमा या वस्तू मुळातच चुकीच्या आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. पाळकसाहेबांनी ज्या पितळी सापाचा उल्लेख केला, त्याच सापाची उपमा प्रभूने स्वतःच्या उंच केल्या जाण्याला दिली आहे (योहान ३:१४). याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ, जबाबदार माणसांना) बोलवावे आणि त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे (याकोब ५:१४), आणि आमच्या ख्रिस्तसभेत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कारच आहे.

मात्र धोका आमच्याकडेही आहे. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी, म्हणजे मरियामातेच्या) जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला ठेवलेली असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे असते, ते तो विकत घेऊन मातेच्या चरणी वाहतो. गुडघेदुखीने बेजार झालेली म्हातारी मेणाचा पाय हातात घेऊन रांगेत उभी असते, तेव्हा तिच्या श्रद्धेविषयी मला आदरच वाटतो. पण नवस फळला नाही म्हणून पुढे मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणेच सोडून दिलेली माणसेही मी पाहिली आहेत, आणि त्यांना मातेपेक्षा मागणे मोठे वाटत होते, असे म्हणावे लागते. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्येच स्पष्ट केले आहे की प्रतिमांमध्ये काही देवत्व किंवा सामर्थ्य आहे असे मानून त्यांचा सन्मान करायचा नसतो. हा खुलासा प्रवचनांतून वारंवार व्हायला हवा. तितका तो होत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मला पंडिता रमाबाईंचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८७४ च्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला; परंतु नंतर लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे भक्तीची जागा चुकणे हे केवळ बाटलीच्या किंवा मूर्तीच्या बाबतीत होत नाही, स्वतः धर्माच्या बाबतीतही होते. आणि ख्रिस्त सापडल्यावर दुःख थांबले, असेही नाही. ज्या एकुलत्या एक मुलीच्या, मनोरमाबाईंच्या हाती केडगावच्या मुक्ती सदनाचे, म्हणजे निराधार स्त्रियांसाठीच्या आश्रमाचे काम सोपवायचे होते, ती १९२१ च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, पण तेवढ्या काळात मराठी बायबलाच्या भाषांतराचे आपले काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या विश्वासात काही खोट होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का?

नगरची सून:

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. १ शमुवेल ४ आम्ही काल रात्री वाचले, सासूबाईही ऐकत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. आता ती बाटली मी उचलून टाकावी का? आणि यजमानांना, देव रागावलेला नाही एवढे सांगून पुरत नाही. मग बरे का करत नाही, असे ते विचारतात.

निवृत्त पाळक, जालना:

ताई, बाटली आपण टाकू नये. हिज्कीया राजा होता, आपण त्या घरातल्या सूनबाई आहात. सासूबाईंना आपला मुलगा गमावण्याची भीती आहे आणि त्या भीतीपोटी त्यांनी ती बाटली धरून ठेवली आहे. आपण ती हिसकावलीत आणि उद्या यजमानांचे दुखणे वाढले, तर तो दोष जन्मभर आपल्या माथी येईल. सध्या ती पवित्र शास्त्राजवळून उचलून इतर औषधांच्या शेजारी ठेवावी आणि पाकीट देणे थांबवावे. त्याऐवजी आपल्या मंडळीचे पाळक व वडील यांना घरी बोलवावे. वसईकरांनी सांगितलेल्या वचनात आजाऱ्याने कोणाच्या दारी जायचे नाही, वडिलांनीच त्याच्याकडे यायचे आहे, आणि पैशाचा तर तेथे उल्लेखही नाही. सासूबाईंच्या समोरच त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, म्हणजे तेल नाकारले गेले असे त्यांना वाटणार नाही.

‘बरे का करत नाही’ याचे उत्तर मजजवळ नाही आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तेव्हा त्यालाही कारण सांगितले गेले ते आरोग्य न देताच: “माझी कृपा तुला पुरे आहे.” गेथशेमाने बागेत पुत्राने, म्हणजे प्रभू येशूने, दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. देव बरे करील म्हणून त्याला धरून राहणे, आणि बरे केले नाही तरी त्याला धरून राहणे, यांतले दुसरे कितीतरी कठीण आहे, आणि यजमान आज त्या कठीण जागी उभे आहेत. त्यांच्याबरोबर स्तोत्र ८८ वाचावे. त्या स्तोत्राच्या शेवटी दिलासा नाही, अंधारच आहे, तरी ती प्रार्थना आहे आणि ती शास्त्रात ठेवली गेली आहे. त्यांना वाटेल त्या शब्दांत देवाशी बोलू द्यावे, मध्ये कोणी सुधारू नये.

वडील मंडळींना डायलिसिसच्या दिवशी बोलावू नये, कारण त्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बोलवावे आणि त्यांना आधीच सांगून ठेवावे की प्रार्थना थोडक्यात करावी आणि नंतर थोडा वेळ त्यांच्याजवळ नुसते बसावे.