मुलांच्या अभ्यासाला नेटवरचं नक्की काय उपयोगी पडलं?

परवा झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. सातवीतलं एक पोरगं काउंटरवर म्हणालं, "काका, जलप्रदूषण द्या." काकांनी तयार प्रकल्प छापला, पंच मारला, दिला. घरी येऊन लेकीची वही उघडली, तर गुगलने पहिलं जे दाखवलं तेच उतरवलेलं. शेवटच्या 'अधिक वाचा'सकट! म्हणून विचारतेय. नुसत्या लिंका नकोत, काय घडलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. गांडुळासाठी मराठी विश्वकोश उघडला. वाईत घडलेले ते जाडजूड खंड आता घरबसल्या फुकट वाचता येतात, हे मलाच उशिरा कळलं. भाषा मात्र जड. 'उभयलिंगी'पाशी गाडी अडली. मी चाचरत होते, तर सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, नर-मादी एकाच अंगात." वहीत हेच वाक्य गेलं.

*

आमच्याकडे टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट. खेळणी, व्हिडिओ, मराठी पुस्तकं, सगळं फुकट. मुलाने दीड व्होल्टच्या सेलवरची मोटार करायला घेतली: दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळं नुसतं थरथरायचं, फिरायचं नाही. सेल बदलला, चुंबक बदललं, चिडचिड झाली. तिसऱ्यांदा व्हिडिओ बघताना त्याच्या लक्षात आलं की तारेच्या टोकावरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, तीनच बाजूंनी खरवडायचं असतं. मी मोठ्या हौसेने चहूबाजूंनी खरवडून दिलं होतं. फेऱ्यात थोडा वेळ करंट तुटायला हवा, नाहीतर वेटोळं पुढे ढकललं जातं तेवढंच मागेही ओढलं जातं. नवीन तार घेतली, बोटाने टिचकी दिली आणि भर्रकन फिरलं. रात्री साडेदहाला शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.
– सांगली

*

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही पडद्यावर प्रयोग करायची साइट वापरते, त्यात बरंचसं मराठीतही आहे. पडद्यावर बॅटरी, बल्ब, तारा ओढून जोडायच्या. मुलांनी पहिल्याच दिवशी बॅटरीची दोन टोकं थेट तारेने जोडली आणि बॅटरीतून ज्वाळा! मग काय, वर्गभर आगी. शॉर्टसर्किट मला वेगळं शिकवावं लागलं नाही. शाळेत रेंज नाही, म्हणून घरूनच डाउनलोड करून नेते.

*

पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पहिल्या पानावरचा कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की पाठाचे व्हिडिओ येतात. काही चांगले, काही नुसते पुस्तक वाचून दाखवणारे. आमच्या धाकटीने कोडातल्या चौकटी स्केचपेनने रंगवल्यात, त्यामुळे आता तोही मार्ग बंद.

*

नातू न्यू जर्सीत, रविवारच्या मराठी शाळेत जातो. फोनवर विचारतो, "आजोबा, पडवी म्हणजे काय?" मला इंग्रजीत धड सांगता येईना. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने नेटवर ठेवलाय, त्यात दाखवलं. 1857 ची आवृत्ती, अर्थ इंग्रजीत, त्यामुळे त्याला माझ्या आधी कळलं. आता रोज एक शब्द विचारतो. काही शब्द मीही पन्नास वर्षांत ऐकलेले नाहीत.

*

'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बालभारतीने नेटवर ठेवलेत, अगदी 1971 पासूनचे. मुलीला निबंधासाठी उघडून दिले आणि मीच वाचत बसलो. निबंध तिने तिचा तिचा लिहिला.

*

सांगलीकर, ती तार कुठे मिळाली? इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लॅस्टिकवालीच देतात.

*

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. वजनावर विकतो, पण मुलाला सोबत न्या, हातभर तार फुकट देईल.
– सांगली